कर्ता एकवचनी

मुकुंदराव वळसंगकरांच्या हातात कागद पडला की त्यातली चूक त्यांना आधी दिसे आणि मजकूर मागाहून. लग्नाची पत्रिका असो की म्युनिसिपालटीची नोटीस, खिशातली तांबडी पेन्सिल निघायचीच. सोलापुरातल्या एका हायस्कुलात ते एकवीस वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि मॅट्रिकच्या वर्गातला त्यांचा वाक्यं सुधारण्याचा तास म्हणजे परीक्षेच्या आधीची परीक्षा असे. कर्ता एक असेल तर क्रियापद एकवचनी, कर्ते अनेक असतील तर अनेकवचनी. आणि एका वाक्यात तीन क्रिया ओळीनं सांगायच्या तर तिन्ही एकाच घडणीच्या हव्यात. एक धोतरात, दुसरी सुटात आणि तिसरी लंगोटीत, असली वरात चालायची नाही. पोरं हसत, पण जन्मात विसरत नसत.

घरी ते आणि यशोदाबाई अशी दोघंच. मुलगी पद्मजा बार्शीला दिलेली. पेठेतल्या कुणालाही सरकारदरबारी इंग्रजीत अर्ज करायचा झाला की तो मुकुंदरावांचाच उंबरठा गाठायचा, आणि तेही कुणाला नाही म्हणत नसत.

१९३० च्या मे महिन्यात शहरावर लष्करी कायदा आला. त्याआधी गोळीबार झाला होता, जाळपोळ झाली होती, आणि आता चौकाचौकांत गोरे सोजीर बंदुका घेऊन उभे होते. पांढरी टोपी घालून बाहेर पडायची सोय नव्हती. माणसं भिंतीच्या कडेकडेनं चालत आणि ओळखीचं कुणी भेटलं तरी मान न वळवता पुढं जात. गिरण्यांचे भोंगे बंद होते, त्यामुळे सकाळ कधी झाली तेही कळत नसे.

अशा एका सकाळी मानसिंगराव घरी आले. हे मुकुंदरावांचेच जुने विद्यार्थी. कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि आता त्यांना लष्करी कचेरीत नेमलं होतं. पाणीसुद्धा न घेता त्यांनी काम सांगितलं. साक्षीदारांच्या जबान्या मराठीतून घेतल्या जात, मोडीत लिहिल्या जात आणि मग कारकून त्यांचं इंग्रजी करत. ते इंग्रजी इतकं वाईट होतं की कॅप्टनसाहेबानं दोनदा कागद तोंडावर फेकले होते. साहेबाला निर्दोष इंग्रजी लिहिणारा माणूस हवा होता. मानसिंगरावांनी मास्तरांचं नाव सुचवलं होतं.

"फक्त भाषा बघायची, मास्तर," मानसिंगराव म्हणाले. "मजकुराशी आपला संबंध नाही."

नाही म्हणायची सोय होती की नाही, हे मुकुंदरावांनी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. त्या वेळी मात्र त्यांना ते सुचलंही नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं होतं. काळा कोट चढवून, पास खिशात घालून ते त्याच दिवशी कचेरीत गेले.

त्यांना व्हरांड्याच्या टोकाची खोली मिळाली. दाराला वाळ्याचा पडदा होता, त्यावर तासातासानं पाणी मारलं जाई. टेबलावर डाव्या बाजूला कारकुनांचे कागद येत, मुकुंदराव ते सुधारत, खाली आपली आद्याक्षरं घालत आणि उजव्या बाजूला ठेवत. तिथून ते टंकलेखकाकडे जात. सुधारलेला कच्चा कागद संध्याकाळी मागच्या अंगणात जाळला जाई. मूळ मोडी जबान्या दुसऱ्या खोलीत कुलपात होत्या. त्या बघायचं त्यांना कारण नव्हतं. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर आरोपीचं नाव, बापाचं नाव, पेठ असं लिहिलेलं असे. तिथं सुधारण्यासारखं काही नसल्यामुळे त्यांची नजर तिथं थांबत नसे.

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः खोलीत आला. पस्तिशीचा, उन्हानं नाक सोललेला माणूस. त्यानं दोन कागद वाचले आणि म्हणाला की माझ्या पलटणीतल्या निम्म्या अधिकाऱ्यांना असं लिहिता येत नाही. मुकुंदराव घरी आले ते जरा ताठ चालत. यशोदाबाईंनी भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली आणि विचारलं, त्या कागदांत काय असतं?

"वाक्यं असतात," ते म्हणाले.

"आणि माणसं?"

मुकुंदरावांनी ताटाकडे बघत मान हलवली, ती हो की नाही ते यशोदाबाईंना कळलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी चारच्या सुमाराला मुकुंदराव परतले तेव्हा ओट्यावर एक बाई बसली होती. तिशीची असेल, इरकली लुगडं, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. आपलं नाव नागम्मा असं तिनं सांगितलं. साखर पेठेतल्या रुद्रप्पाची ती बायको. हा रुद्रप्पा हातमागाच्या फण्या बनवायचा; सुतांच्या ओळी ज्यातून जातात ती बारीक कांबट्यांची लांब फणी. साऱ्या साळ्या-पद्मसाळ्यांकडे त्याचं जाणं-येणं. सहा दिवसांपूर्वी त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली होती आणि विजापूरच्या तुरुंगात त्याची रवानगी होणार होती. तिला इंग्रजीत अर्ज हवा होता. संचारबंदी लागायच्या आत घरी पोचायचं म्हणून ती घाईघाईनं, कानडी हेल काढत बोलत होती.

मुकुंदरावांनी कागद घेतला आणि नेहमीसारखा पहिला प्रश्न विचारला: गुन्हा काय शाबीत झाला?

ताडीच्या गुत्त्यावर दगडफेक झाली होती, नागम्मानं सांगितलं. गुत्त्याचा रखवालदार बिरप्पा साक्षीदार होता. पण कोर्टात बिरप्पाला कुणी काही विचारलंच नाही. साहेबानं इंग्रजी कागद वाचला, दुभाष्यानं त्याचं मराठी करून सांगितलं, आणि झालं. तो मराठी मजकूर तिला पाठ झाला होता. ती ओट्याच्या कडेला हात टेकून, शाळेतल्या पोरीसारखा तो म्हणून गेली.

"आरोपी गुत्त्यापाशी उभा होता, ओरडत होता आणि दगड मारीत होता. साहेब म्हनला, लई साफ जबानी हाय. येका मानसानं तीन गोष्टी केल्या, तिन्ही साफ."

मुकुंदरावांच्या हातातला टाक तसाच राहिला.

उभा होता, ओरडत होता आणि दगड मारीत होता. तीन क्रिया, तिन्ही एका घडणीच्या. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी ते त्यांच्यासमोर आलं होतं ते मात्र असं नव्हतं. कारकुनानं लिहिलं होतं: आरोपी वॉज स्टँडिंग, आणि पुढं नुसतं वेअर शाउटिंग, वेअर थ्रोइंग स्टोन्स. कर्ता एकवचनी आणि क्रियापदं अनेकवचनी, अशी चूक त्यांच्या वर्गातला सर्वांत मठ्ठ पोरगाही करत नसे. त्यांनी दोन्ही 'वेअर' खोडले होते, एका 'वॉज'च्या पुढं तिन्ही क्रिया ओळीनं लावल्या होत्या, आणि वाक्य कसं सपाट पाटीसारखं झालं म्हणून क्षणभर त्याच्याकडे बघत बसले होते.

त्यांनी नागम्माला अर्ज लिहून दिला. दयेचा अर्ज, जसा लिहितात तसा. आपल्याला काय आठवलं ते तिला सांगायला तोंड उघडलं नाही. ती पाया पडली आणि गेली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. यशोदाबाईंनी कपाळाला हात लावून बघितलं, ताप नव्हता. मग मुकुंदरावांनीच सगळं सांगितलं. यशोदाबाई शिकलेल्या नव्हत्या, पण गोष्ट त्यांना लगेच उमगली. आपण म्हणत नाही का, दारात चोर आला होता, आरडाओरडा करत होते, त्या म्हणाल्या; म्हणजे काय चोर ओरडत होता? लोक ओरडत होते. ते सांगावं लागत नाही.

मराठीत ते सांगावं लागत नाही. लोक हा शब्द न उच्चारताही 'होते' एवढ्यावरून जमाव उभा राहतो. मठ्ठ कारकुनानं तो 'होते' आंधळेपणानं इंग्रजीत तसाच नेला होता, आणि त्या भिकार इंग्रजीत जमावाची तेवढीच एक खूण शिल्लक होती. ती मुकुंदरावांनी खोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाण्याआधी ते वाट वाकडी करून बिरप्पाकडे गेले. गुत्ता बंद होता, फळ्या जळून काळ्या पडलेल्या. बिरप्पा शेजारच्या शेडात बाजेवर बसला होता. आधी तो बोलेना. काळा कोट बघून त्याला वाटलं पुन्हा जबानी आली. मग हळूहळू बोलला. रुद्रप्पाला तो ओळखत होता. जमाव आला तेव्हा रुद्रप्पा कुठल्याशा मागावरून परतताना मधेच अडकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"मी म्हनलो, रुद्रप्पा उभा व्हता. वरडत व्हते, दगडं मारत व्हते. त्यो कसा मारंल? दोनी हातांत फणी धरली व्हती की त्यानं, मोडंल म्हनून. पर ते कुनी इचारलंच न्हाई."

मुकुंदरावांनी विचारलं, तू हे पुन्हा सांगशील का? बिरप्पानं रस्त्याकडे बघितलं. कोपऱ्यावर दोन सोजीर उभे होते. तो म्हणाला, तुमी आदी सांगा मास्तर, मग बगू.

कचेरीत त्यांनी मानसिंगरावांना मूळ जबानी दाखवायला सांगितली. मानसिंगराव नाही म्हणाले, मग इकडेतिकडे बघून कुलूप उघडलं. मोडीतला कागद होता, बिरप्पाच्या अंगठ्यासह. बिरप्पा म्हणाला होता तसंच, शब्दाला शब्द. तीन लहान वाक्यं, मधे दोन उभ्या रेघा.

मानसिंगरावांनी आवाज चढवला नाही. हा कागद परत ठेवा आणि घरी जा, असं त्यांनी सांगितलं. एक कागद चुकला म्हटलं की साहेब बाकीचे काढील. साठाच्या वर कागद आहेत, प्रत्येकावर तुमची आद्याक्षरं आहेत. साक्षीदाराची जबानी बदलली असा त्याचा अर्थ होतो आणि सध्या त्याला काय शिक्षा आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे. माझंही नाव त्यात येईल. मला दोन लहान मुलं आहेत.

बाकीचे कागद. तोवर मुकुंदरावांनी एकाच वाक्याचा विचार केला होता. आता त्यांना आठवू लागलं की 'वेअर'चा 'वॉज' त्यांनी एकदाच केला नव्हता. रोज केला होता. दिवसातून किती वेळा ते आठवेना. कारकुनांचं इंग्रजी अशा चुकांनी भरलेलंच होतं, त्यातल्या खऱ्या चुका किती आणि माणसं किती होती, हे आता कुणाला सांगता येणार? कच्चे कागद रोज संध्याकाळी जळत होते. मूळ जबान्या शेजारच्या खोलीत होत्या खऱ्या, पण कुठल्या बघायच्या, आणि मानसिंगराव दुसऱ्यांदा कुलूप उघडतील तर ना.

मोडी कागद हातात घेऊन ते साहेबाच्या खोलीकडे निघाले. मानसिंगरावांनी त्यांची बाही धरली आणि सोडली.

साहेबानं ऐकून घेतलं. रागावला नाही, हेच जास्त भयंकर होतं. त्यानं फाईल मागवली, ते वाक्य काढलं, आणि मुकुंदरावांना त्यांनी सुधारण्याआधीचं वाक्य शेजारी लिहायला सांगितलं. मग दोन्ही वाक्यांकडे बघून, एखाद्या परीक्षकासारखं विचारलं, यातलं शुद्ध कुठलं?

"सुधारलेलं शुद्ध आहे साहेब. पण आधीचं खरं आहे."

मराठी क्रियापदात कर्ता कसा दडलेला असतो, ते मुकुंदरावांनी समजावून सांगितलं. आयुष्यात कधी इतकं चांगलं शिकवलं नसेल. साहेबानं मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, दगड तर पडले. ज्या वाक्याला कर्ता नाही, त्यात मी शिक्षा कुणाला देऊ?"

मुकुंदराव म्हणाले की मला हे लिहून द्यायचं आहे. साहेबानं कोरा कागद पुढं सरकवला. कागदावर सही केलीत म्हणजे साक्षीत फेरफार केल्याची कबुली दिलीत, हे त्यानं नीट, सावकाश सांगितलं. मुकुंदरावांनी लिहिलं. लिहिताना एका ठिकाणी शब्द गाळला गेला. त्यांनी तो वर लिहिला नाही, कागद तसाच दिला.

त्यांचा पास काढून घेतला गेला. पहाऱ्यात त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं, सकाळच्या अकरापासून. समोरच्या मैदानात ऊन पांढरं झालं होतं. त्यांच्या खोलीत आता दुसरा कुणी बसला होता. पडद्याआडून कागद सारल्याचा आवाज येत होता, डावीकडून उजवीकडे. तहान लागली तरी पाणी मागायचा धीर झाला नाही. पाचच्या सुमाराला एक हवालदार आला आणि घरी जा म्हणाला. बोलावणं आलं की यायचं. शहर सोडायचं नाही.

बोलावणं कधी येईल ते सांगितलं नव्हतं. मुकुंदराव घरी बसून राहिले. गल्लीत बुटांचा आवाज आला की यशोदाबाई हातातलं काम थांबवत. पेठेतली माणसं अर्ज घेऊन येईनाशी झाली. मास्तर कचेरीत बसत होते हे एकाला कळलं होतं, कचेरीनं त्यांना धरलं होतं हे दुसऱ्याला, आणि दोन्ही कारणांनी त्यांच्या ओट्यावर चढणं धोक्याचंच होतं. रोज सकाळी अंघोळ करून ते काळा कोट घालून तयार बसत. जून संपला, लष्करी कायदा उठला, सोजीर गेले. बोलावणं आलंच नाही. ते यायचं राहून गेलं की कुठल्या फाईलमध्ये वाट बघत पडलं आहे, हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि पुढं कित्येक वर्षं दारावर थाप पडली की त्यांचा हात आपोआप कोटाकडे जाई.

शाळा उघडली तेव्हा मात्र चेअरमननी त्यांना बोलावून घेतलं आणि वरून सूचना आली आहे असं सांगितलं. कुणाकडून, ते सांगितलं नाही. मुकुंदरावांनी राजीनामा लिहून दिला. मग नागम्माला घेऊन ते एका वकिलाकडे गेले, बिरप्पाला तिकडे नेलं. लष्कर गेल्यावर बिरप्पाला कंठ फुटला होता. त्याची नवी जबानी, मुकुंदरावांची कबुली, वकिलानं मागवून घेतलेली मोडी कागदाची नक्कल, असं सगळं जोडून अर्ज मुंबईला गेला. सगळ्या घडल्या गोष्टी नागम्माला त्यांनी वकिलाच्या ओट्यावरच सांगितल्या. ती एवढंच म्हणाली की त्या दिवशी अर्ज लिव्हताना तुमचा टाक थांबला व्हता, तवाच मला काईतरी वाटलं व्हतं.

मुंबईहून उत्तर यायला अकरा महिने लागले. पाच वर्षांची शिक्षा दीड वर्षावर आली. चूक झाली असं त्यात कुठं म्हटलेलं नव्हतं. दया म्हणून कमी केली होती.

रुद्रप्पा सुटून आला तो एकतीस सालच्या दिवाळीनंतर. चारआठ दिवसांनी दुपारचा तो मुकुंदरावांकडे आला. बारीक झाला होता, दगड फोडून बोटांची पेरं जाड झाली होती. फणीच्या बारीक कांबट्या आता चिमटीत धरवत नाहीत, असं त्यानं तक्रार न करता सांगितलं. यशोदाबाईंनी त्याला चहा दिला. मुकुंदराव त्याच्यासमोर पाटावर बसले आणि जे सांगायचं म्हणून दीड वर्ष मनात घोळवलं होतं, ते सांगितलं. रुद्रप्पानं ते नागम्माकडून ऐकलं होतं. तो म्हणाला, तुमी सांगितलं म्हनून मी हितं हाय. त्याच्या बोलण्यात रागही नव्हता आणि माफीही नव्हती.

कपबशी खाली ठेवून तो जायला उठला आणि दारात थांबला.

"मास्तर, माझ्या बराकीत सोलापूरचेच आनकी चारजन हायत. तेबी म्हनतात, आमी नुसते उभं व्हतो."

मुकुंदरावांनी त्यांची नावं विचारली. रुद्रप्पानं एकेक करून चारही सांगितली, बापाच्या नावासकट, पेठेसकट. मुकुंदरावांनी ती लिहून घेतली. ती त्यांनी पूर्वी कधी वाचली होती की नाही, याची त्यांना काहीच खूण पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या नावाच्या घराच्या शोधात निघाले. गल्ली सापडली, घरही सापडलं. दाराला कुलूप होतं आणि उंबऱ्यावर धूळ साचली होती. शेजारणीनं सांगितलं की म्हातारी आणि सून गेल्या पावसाळ्यातच दुधनीकडे निघून गेल्या. दुधनीत कुठं, ते तिला ठाऊक नव्हतं. तुम्ही कोण म्हणून तिनं विचारलं. मुकुंदरावांनी कागद उलगडून दुसरं नाव वाचलं आणि ती पेठ कुठल्या अंगाला येते ते तिलाच विचारलं.